हापशीजवळचं डबकं

शिरपूर जैनहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. माइकसमोर एकच जण बसली आहे, पण गोष्ट सगळ्यांची आहे, चूकही सगळ्यांची आहे, म्हणून 'आम्ही'च म्हणू.

मागच्या वेळी आपण गटातल्या कर्जाच्या परतफेडीवर बोललो होतो. त्याआधी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी गोणपाटात कशी तपासायची, ते सांगितलं होतं. आज बेडकांवर बोलायचं म्हटल्यावर आमच्यातलीच एक वहिनी हसली. म्हणाली, "अवं, बेडकाचं काय सांगता रेडिओवर? तो तं सोताच रातभर वरडते." खरं आहे. पण तो ओरडतो कुठून, ते आम्ही इतकी वर्षं पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, बेडूक म्हणजे तळं, नदी, फार तर विहीर. म्हणच तशी आहे ना, विहिरीतला बेडूक! प्रत्यक्षात तो आमच्या पायाखालीच होता आणि आम्ही त्याच्यावर जळकं ऑइल ओतलं. तिथूनच सांगतो.

आमच्या वस्तीच्या टोकाला एक हापशी आहे. नळ आल्यापासून पिण्याचं पाणी तिथून कोणी फारसं भरत नाही. धुणं, भांडी, गुरांचं पाणी मात्र अजून तिथंच. ओट्यावरून सांडलेलं पाणी उताराने खाली जातं आणि एका खळग्यात साचतं. म्हशी बसून बसून तो खळगा रुंद झाला. उन्हाळ्यात नुसता चिखल आणि मृगाचे दोन पाऊस पडले की गुडघाभर पाणी.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर गावात स्वच्छता मोहीम निघाली. त्याच्या आदल्या वर्षी भादव्यात आमच्या एका ताईच्या पोराला डेंग्यू झाला होता. वाशिमला भरती केलं, रोज रक्त तपासलं, पेशी कमी झाल्या, सगळं झालं. पोरगा वाचला. पण तिला गटातून पंधरा हजार उचलावे लागले आणि ते फेडता फेडता वर्ष निघालं. त्यामुळे बैठकीत डासांचा विषय निघाल्यावर आम्हाला कोणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. 'साचलेलं पाणी ठेवायचं नाही', एवढं वाक्य सगळ्यांना पाठ. गावात सगळ्यात मोठं साचलेलं पाणी कुठलं? हापशीजवळचं डबकं. दुसऱ्याच दिवशी गॅरेजवरून जळालेल्या ऑइलचा डबा आणला आणि ओतला. पाण्यावर निळी-जांभळी साय पसरली. आम्ही फोटोही काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुणं घेऊन गेलो तर डबक्याच्या कडेला काळे ठिपके लागले होते. वाकून पाहिलं. बेडूकमासे. म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिलं. शेकडो असतील, काहींना मागचे पाय नुकते फुटले होते. पोटं वर करून पडलेले. आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी तिथंच उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "डास मेले का नाई, देव जाणे. हे मेले ते दिसून रायलं."

आणखी एक सांगायचं राहिलं. हापशीपासून चार हातांवर आपण ऑइल ओततोय, ते जमिनीत मुरेल, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हशीच्या डोक्यात आलं. तिने आठ दिवस त्या बाजूला तोंड घातलं नाही.

मग आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून आम्ही गप्पच झालो. डेंग्यूचा डास चिखलाच्या डबक्याला फारसा भुलत नाही. त्याला स्वच्छ, भांड्यात साठवलेलं पाणी लागतं. रांजण, कूलर, टायर, उघडी टाकी. तो दिवसा चावतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं नुसतं रिकामं करून चालत नाही, ते घासून कोरडं करावं लागतं. कोरडा दिवस म्हणतात तो हाच.

आम्ही दोन गल्ल्या घरोघर फिरलो. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या. गोठ्यावर टाकलेल्या टायरमध्ये अळ्या. तुळशीजवळच्या फुटक्या कुंडीत अळ्या. आणि ज्या ताईचा पोरगा आजारी पडला होता, तिच्या घरामागे उन्हाळ्यानंतर तसाच उभा ठेवलेला कूलर होता. झाकण काढून पाहिलं. ती पायरीवर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, कूलर आडवा केला आणि नारळाच्या काथ्याने घासायला लागली.

आता कोणी म्हणेल, म्हणजे डबकं अगदी निर्दोष का? नाही. दुसऱ्या जातीचे डास डबक्यात, गटारात होतातच आणि बेडूक असले की डास संपतात असंही नाही. बहुतेक बेडूकमासे शेवाळ खाऊन वाढतात. मोठ्या पिवळ्या बेडकाची पिलं मात्र मांसाहारी. ती डासांच्या अळ्या खातात, प्रसंगी दुसऱ्या बेडकांची पिलंही खातात. म्हणून 'बेडूक पाळा, डेंग्यू टाळा' अशी पाटी आम्ही लावणार नाही. आमचं म्हणणं साधं आहे. ज्या पाण्यात दोष होता ते आमच्या घरात होतं, आणि मारलं आम्ही भलत्यालाच.

त्यानंतर आम्हाला एक खोडच लागली. बैठक संपली की टॉर्च घ्यायची आणि आवाजाच्या मागे जायचं. आधी लेकी आल्या, मग सुना, मग एक-दोघींचे नवरेही, 'साप निघंन' म्हणून सोबतीला. पावसाळ्यातल्या त्या रात्रींत आम्ही जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घरातूनच सुरू करू. माठाखाली वाळू असते, ती कायम ओली. त्या ओलीत जो खडबडीत, मातकट बेडूक बसलेला असतो तो भेक. उन्हाळाभर तो तिथंच. आपण त्याला झाडूने हाकलतो, संध्याकाळी तो परत. त्याला पाणी प्यायला तोंड लागत नाही. पोटाची कातडी ओल्या जागी टेकली की पाणी आत शिरतं. म्हणून वाटीभर ओलावा त्याला पुरतो. अंडी घालायला मात्र त्याला पाणीच पाहिजे. तो अंडी घालतो लांबलचक दोरीसारखी. चिकट, पारदर्शक दोरी आणि आत ओळीने काळे ठिपके. अगदी काळ्या मण्यांची पोत. हापशीजवळच्या डबक्यात आम्ही मारली ती याचीच पिलं होती. काळीकुळकुळीत, घोळक्याने फिरणारी.

दुसरा बेडूक संडासात. खरंच. गावात घरोघर संडास-बाथरूम झाली आणि झाडावरचा बेडूक तिथं राहायला आला. बारीक कंबर, बोटांच्या टोकाला गोल गाद्या, सरळ भिंतीवर चढतो. बाहेर सगळं वाळलं की त्याला बाथरूमचा ओला कोपरा म्हणजे जंगलच. आमच्यातली एक सून रात्री इतकी किंचाळली होती की शेजारचे काठ्या घेऊन आले! हाच बेडूक पाण्यावर वाकलेल्या फांदीला किंवा टाकीच्या आतल्या भिंतीला पांढरा फेस करून त्यात अंडी घालतो. मादी मागच्या पायांनी तो फेस घुसळते, आपण ताक घुसळतो तसा. वरून फेस वाळतो, आत ओल राहते. पिलं निघाली की टपाटप खाली पाण्यात पडतात. इतकी वर्षं आम्ही तो साबणाचा फेस समजून पुसत होतो.

गुरांच्या हौदात तिसरा. फक्त डोळे वर काढून तरंगतो आणि हात घातला की पाण्यावरून टप्पे खात पळतो, पोरं चपटा दगड फेकतात तसा. चौथा जमिनीत. हळद काढायला जाणाऱ्या बायांना तो माहीत आहे. कुदळीने ढेकूळ उचललं की मातीत गोल, गुबगुबीत, डोळे मिटलेला गोळा निघतो. आम्ही त्याला दगडच समजायचो. त्याच्या मागच्या पायाला खुरप्यासारखा टणक उंचवटा असतो. त्याने तो मागे मागे माती उकरत खाली जातो आणि कोरडे महिने तिथंच काढतो. पहिल्या पावसाचं पाणी खाली उतरलं की वर येतो. म्हणजे ज्या शेतात आपल्याला पाण्याचा टिपूस दिसत नाही, तिथंही बेडूक आहेच, तीन-चार वीत खाली.

पण सगळ्यांत नवल वाटलं ते बैलाच्या खुराचं. पांदणीने येताना एका ठिकाणाहून एवढा मोठा कर्र कर्र आवाज येत होता की आम्हाला वाटलं, चांगला तळहाताएवढा बेडूक असणार. शोधता शोधता अर्धा तास गेला. शेवटी दिसला तो बोटाच्या एका पेराएवढा, पाठीवर गडद नक्षी, आणि बसला होता चिखलात उमटलेल्या खुरात. खुरात वाटीभर पाणी. पाण्यावर अंड्यांचा पातळ पापुद्रा तरंगत होता.

खुरात अंडी घालणं हा वेडेपणा वाटतो. दोन दिवस ऊन पडलं की खलास. पण त्यात हिशोब आहे. तळ्यात मासे असतात, पाणकिडे असतात, ते अंडी-पिलं फस्त करतात. खुरात मासा कुठून येणार? शत्रू नाही, पाणी लवकर तापतं, पिलू भराभर वाढतं. अंड्यातून पिलू एखाद्या दिवसातच बाहेर पडतं आणि महिन्याच्या आत पाय फुटून चालायलाही लागतं. जोखीम एकच, पाऊस दडी मारेल. कोरडवाहू शेतकऱ्याला ही जोखीम कोणी समजावून सांगायला नको. आपणही मृगात याच भरवशावर पेरतो. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं की पाणी भरपूर, असं आपल्याकडे मानतात. मृगाला वाहन कोणतं, हे अजूनही आमच्या सासवा आधी विचारतात.

हत्तीच्या पावलातही बेडूक वाढतात, हे नंतर सरांकडून कळलं. म्यानमारच्या जंगलात अभ्यासकांनी हत्तीच्या पावलांत साचलेल्या पाण्यात बेडकांची अंडी आणि पिलं मोजली आहेत. कोरड्या दिवसांत आसपास दुसरं पाणी नसताना ती पावलं भरलेली होती. आमच्याकडे हत्ती नाही, बैल आहे. तोही आता कमी झाला, ट्रॅक्टर आला.

लांब कशाला, आपल्या महाराष्ट्रातच पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात आंबोली आहे. तिथं जांभ्या दगडाचे सडे आहेत. उन्हाळ्यात तव्यासारखे तापलेले, आणि पावसाळ्यात त्या दगडातल्या खोलगट जागी बोटभर पाणी. त्या पाण्यात अंडी घालणारा एक भेक आहे, अंगावर वाघासारखे पिवळे-काळे डाग. शास्त्रज्ञांनी त्याला २००९ मध्ये नाव दिलं. तो आंबोलीच्या परिसरातलाच आणि नष्ट होण्याचा धोका सर्वांत जास्त असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. गोव्यातल्या अशाच सड्यांवरचा आणखी एक बेडूक २०१८ मध्ये नोंदला गेला आणि त्याच्या नावातच गोवा घातला. उघडा दगड पाहून आपण म्हणतो, पडीक जागा आहे, खाण काढा, हॉटेल बांधा. चार महिन्यांच्या त्या बोटभर पाण्यावर कोणाचं तरी घर उभं आहे, हे उन्हाळ्यात पाहणी करायला गेलेल्या माणसाला दिसणार कसं?

मग आम्ही विचारलं, पाणथळ जागा म्हणायचं तरी कशाला? सरांनी फोनवर वाचून दाखवलं. इराणमध्ये रामसर नावाचं गाव आहे. तिथं २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांसाठी देशादेशांचा करार झाला. म्हणून २ फेब्रुवारीला पाणथळ दिवस पाळतात. त्या करारातली व्याख्या ऐकण्यासारखी आहे. पाणी नैसर्गिक असो की माणसाने केलेलं, कायमचं असो की तात्पुरतं, वाहतं असो की साचलेलं, गोडं असो की खारं, ती पाणथळ जागाच. आजी म्हणाल्या, "मंग आपलं डबकं?" सर हसले. म्हणाले, व्याख्येत बसतं. संरक्षित यादीत अर्थातच कोणी घालणार नाही.

यादीतली एक जागा आपल्या शेजारीच आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. २०२० मध्ये ते रामसर यादीत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. गटाची सहल कुठे न्यायची यावर दरवर्षी भांडण होतं. या वेळी एकमताने लोणार ठरलं. रिसोडमार्गे गेलो. तळ्याचं पाणी खूप क्षारयुक्त आहे. बेडकाची कातडी पातळ, असलं पाणी तिला सोसत नाही. पण वरच्या बाजूला धारेचं देऊळ आहे, गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. तिथून खाली गवतात जिथं जिथं ओल झिरपलेली होती, तिथं बेडूक. जसजसं खाली तळ्याकडे गेलो तसतसे ते संपत गेले. आम्ही तळ्याकडे पाहत उभे होतो आणि बेडूक राहत होता तळ्याच्या काठावरच्या ओघळात. कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे असं सांगतात, एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. आता सासूचं अंग कुठलं आणि सुनेचं कुठलं, यावर गाडीत परत येईपर्यंत वाद चालला. तो इथं सांगत नाही.

आपलं शिरपूरही पाण्याच्याच आख्यायिकेवर उभं आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांची गोष्ट सांगतात ती अशी, की अचलपूरचा एल राजा अंगाच्या रोगाने बेजार होता. इथल्या एका लहानशा जलाशयात त्याने हातपाय धुतले आणि तो बरा झाला, मग तिथंच मूर्ती सापडली. राजाला बरं करणारं ते पाणी काही मोठं सरोवर नव्हतं. आणि आपल्या जैन शेजारणींची एक रीत आम्ही लहानपणापासून पाहतो. पाणी फडक्याने गाळायचं आणि फडक्यावर जे बारीक जीव उरतात ते ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने साधू-साध्वी विहार करत नाहीत, तेही पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून. ऑइल ओतल्यावर एक शेजारीण आम्हाला काही बोलली नाही. नुसती पाहत राहिली. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आजींची आठवणही सांगायला पाहिजे. पाऊस लांबला की धोंडी काढायचे. मुसळाला बेडूक बांधायचा, पोरांनी कडुलिंबाचा पाला नेसायचा, दारोदार जायचं, घरच्या बायांनी वरून पाणी ओतायचं. आजी लहानपणी मुसळ धरायच्या. आम्ही विचारलं, मग त्या बेडकाचं काय करायचे? म्हणाल्या, "सोडून देत होतो वं, विहिरीपाशी. पण जीव जातच असंन त्याचा कधी कधी. तवा कोण पाहे!"

आता जरा फवारणीचं. हे महत्त्वाचं आहे, म्हणून लक्ष देऊन ऐका. बेडूक कातडीने पाणी पितो आणि कातडीने श्वासही घेतो. म्हणजे पाण्यात जे मिसळलं ते सरळ त्याच्या अंगात. आपण तणनाशकाचा पंप धुतो कुठे? हौदावर, ओढ्याच्या काठी, हापशीवर. रिकामा डबा टाकतो कुठे? बांधावरच्या खड्ड्यात, जिथं पावसाचं पाणी साचतं. बेडकाची कातडी पातळ, आपली जाड, एवढाच फरक. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदायला कोण जातं? आपणच, उघड्या पायांनी, उघड्या हातांनी. गटाने ठरवलं आहे, फवारणीचा पंप हापशीवर किंवा हौदावर धुवायचा नाही. शेतातच, पाण्यापासून लांब, कोरड्या जागी धुवायचा. सगळे पाळतात का? नाही. तीन घरं अजून ऐकत नाहीत. त्यातलं एक घर आमच्यातल्याच एकीचं आहे.

देशातून पूर्वी बेडकांच्या तंगड्या परदेशात जायच्या, हजारो टन. शेतातले बेडूक कमी झाले, किडे वाढले, अशी ओरड झाली आणि १९८७ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. तेव्हा बेडूक पोत्यात भरून जायचे, आता डबक्यासकट जातात. पिवळाधम्मक मोठा बेडूक, पहिल्या पावसात नर हळदीने माखल्यासारखा होतो आणि गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. आमच्या लहानपणी तो नाल्याकाठी सगळीकडे दिसायचा. मागच्या वर्षी आम्हाला तो दोनच ठिकाणी दिसला.

त्यातलं एक ठिकाण शेततळं. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ पासून आली, आपल्याकडे बरीच तळी झाली. काहींत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. बेडूक पाणी पाहून उडी मारतो, पण बाहेर येताना कागदावरून पाय घसरतो. पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो. शेवटी दमून बुडतो. बेडूक बुडतो हे आम्हालाही आधी खरं वाटलं नव्हतं. आणि मैत्रिणींनो, शेततळ्यात घसरून माणसंही बुडतात, पोरं बुडतात, हे तुम्ही पेपरात वाचताच. म्हणून आम्ही एक साधं काम केलं. जुन्या बारदानाच्या पट्ट्या एकमेकींना शिवल्या, वर खुंटीला पक्क्या बांधल्या, खालचं टोक पाण्यात सोडलं. बाजूला गाठी मारलेला काथ्याचा जाड दोर. बारदानावरून बेडूक, सरडा, खार वर येतात. दोर माणसासाठी. आमच्या गटाशी संबंधित पाच शेततळ्यांवर हे लावलं आहे. बारदान वर्षाला कुजतं, बदलावं लागतं. खर्च जवळजवळ नाहीच. शेतमालकांना बेडकाचं सांगितलं तेव्हा ते हसले, नातवाचं सांगितलं तेव्हा लगेच खुंटी ठोकून दिली.

आता परत हापशीवर येऊ. मागच्या उन्हाळ्यात ग्रामसभेत विषय आला, ओटा नवीन करायचा, शोषखड्डा खोदायचा, डबकं बुजवायचं. आम्ही उठून सांगितलं, शोषखड्डा पाहिजेच. साबणाचं पाणी, भांड्यांचं खरकटं पाणी त्यात जाऊ द्या. पण हापशीचं स्वच्छ सांडपाणी आणि पावसाचं पाणी वेगळ्या खळग्यात जाऊ द्या, उथळ, कडेला उतार असलेला. गुरं पाणी पितील, बेडूक राहतील, डासांच्या अळ्या आहेत का ते दर आठवड्याला आम्ही बघू, रजिस्टर ठेवू. लोक हसले. 'बेडकाईसाठी ठराव घेता का?' एक जण म्हणाला. मग डेंग्यूवाली ताई उठली. ती सभेत कधी बोलत नाही. म्हणाली, "माह्या पोराले डबक्यानं नाई पाडलं, माह्या कूलरनं पाडलं. कूलर मी घासते. डबकं राहू द्या." ठराव झाला.

काम मात्र मृग लागल्यावर सुरू झालं. पहिले दोन पाऊस होऊन गेले होते. एके दिवशी आम्ही सगळ्या पेरणीवर होतो, संध्याकाळी येऊन पाहतो तर जुना खळगा मुरमाने भरलेला आणि नवा खोदलेलाच नाही. कामावरच्या पोरांना ठराव कोणी सांगितलाच नव्हता. त्या रात्री पाऊस आला. आवाज आला, पण हापशीकडून नाही, रस्त्याकडून. मुरूम टाकायला आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाणी भरलं होतं आणि भेक त्यातच जमले होते. सकाळी चाकोरीत काळ्या मण्यांच्या पोती.

आम्ही चाकोरीच्या दोन्ही टोकांना दगड मांडले आणि गाड्या बाजूने काढायला लावल्या. शाळेतल्या पोरांनी पाटी रंगवली. दहा दिवसांनी पावसाने दडी मारली. चाकोरी आटायला लागली, तशी पोरं हौदातून घागरी भरून आणून ओतू लागली. काही पिलं पाय फुटून निघाली, नखाएवढी, रस्ता ओलांडून बांधाकडे गेली. बरीच वाळली. किती निघाली, किती वाळली, ते मोजलेलं नाही.

नवा खळगा दिवाळीनंतर आम्ही स्वतः खोदला. सात बाया, दोन दिवस. यंदा त्याचा पहिला पावसाळा आहे. रोहिणीचा एक पाऊस झाला, खळग्यात वीतभर पाणी आलं आहे, अजून त्यात कोणी बोललेलं नाही. माठाखालचा भेक मात्र चार दिवसांपासून दिसत नाही.

पुढच्या मंगळवारची गटाची बैठक हापशीच्या ओट्यावर ठेवली आहे. ज्यांचे हप्ते राहिलेत त्यांनी पासबुक आणावं. टॉर्चही आणावा, बैठक अंधार पडल्यावरही चालेल. नमस्कार.